उंदरांनी वायरिंग कुरतडलेली जुनी गाडी : बॅटरी सगळ्यात शेवटी

वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी गाडी हाती आली की नवी बॅटरी टाकून किल्ली फिरवून बघावीशी वाटते. गाडीत उंदीर राहून गेले असतील तर हा मोह आवरायलाच हवा. १९७० च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत फ्यूज मोजकेच असतात, कित्येकींत तर दोन ते चारच. बॅटरीची मुख्य वायर स्टार्टरच्या सोलेनॉइडवरून (स्टार्टरला वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच) इग्निशन स्विच, लाइटचा स्विच आणि डायनॅमोच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) कटआउटपर्यंत जाते. या सगळ्या वाटेवर बहुतेकदा एकही फ्यूज नसतो. तिचं सोललेलं तांबं बॉडीला टेकलं की बॅटरी त्यातून काहीशे अँपिअर सोडते. वायर काही सेकंदांत लाल होते, पीव्हीसी वितळतं आणि त्याच जुडग्यातल्या धड वायरीही जळतात. उंदरांनी चार वायरी खाल्लेल्या असतात, किल्ली फिरवणारा चाळीस जाळतो.

म्हणून बॅटरी काढून बाजूला ठेवा. आधी अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली केबल सोडा, मग दुसरी. अर्थ कोणत्या टोकाला आहे हे गृहीत धरू नका. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. गाडी ६ व्होल्टची आहे की १२ व्होल्टची, हेही बल्बवरचा आकडा वाचून आत्ताच नक्की करा. पेट्रोलच्या टाकीजवळही काम होणार असल्यामुळे किमान २ किलोचं ड्राय पावडरचं अग्निशामक नळकांडं हाताशी हवं.

घाण काढताना

उंदरांच्या लेंड्या आणि मुतातून हंटाव्हायरस आणि लेप्टोस्पायरोसिससारखे आजार पसरतात. कोरडा झाडू मारला, हवेचा झोत सोडला किंवा घरातला व्हॅक्यूम लावला तर ती धूळ थेट फुप्फुसात जाते. दारं, बोनेट आणि डिकी उघडून गाडी अर्धा तास वाऱ्यावर ठेवा. रबरी हातमोजे आणि एन९५ मास्क घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं द्रावण त्याच दिवशी करून घरट्यावर आणि लेंड्यांवर शिंपडा, पाच मिनिटं मुरू द्या, मग ओला कागद घेऊन उचला आणि दुहेरी पिशवीत बांधा. मुताने भिजलेल्या जागेवर ब्लीच पडलं की झोंबणारी वाफ येते, तेव्हा हे काम उघड्यावरच करा.

वायरिंग, फ्यूज बॉक्स आणि मीटरच्या मागे मात्र ब्लीच नको. क्लोरिनने तांबं आणि पितळ हिरवं पडतं. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फडकं वापरा. पत्र्यावर जिथे ब्लीच लागलं असेल तिथे नंतर साध्या पाण्याचा हात फिरवून कोरडं करा.

घरटी शोधताना डोळ्यांपुढे दिसतं त्यावर थांबू नका. एअर फिल्टरचा डबा, हीटरचा डबा आणि ब्लोअर, इनटेक मॅनिफोल्डच्या वरची खोबण, सीटच्या स्प्रिंगा, छताच्या कापडाच्या वरची पोकळी, दारांच्या आत, डॅशबोर्डच्या मागे, स्पेअर चाकाखाली आणि सायलेन्सरच्या नळीत असं सगळीकडे बघा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर राहिलेली गवत-कापसाची एक मूठही इंजिन तापल्यावर पेटते. एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात टॉर्च मारा. धान्याचा दाणा तिथून आत गेला तर तो व्हॉल्व्हमध्ये अडकतो. स्पार्क प्लग काढून ठेवलेला असेल तर त्या भोकातून सिलिंडरमध्येही कचरा गेलेला सापडतो.

नुकसान किती, हे ठरवणं

उंदरांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं ही त्यांची रोजची गरज. नव्या गाड्यांच्या वायरींवर सोयाबीनपासून केलेलं आवरण असतं म्हणून उंदीर त्या खातात, असं सर्रास सांगितलं जातं. पण साध्या पीव्हीसीच्या आणि त्याआधीच्या सुती वेष्टणाच्या वायरीही त्यांनी तितक्याच आवडीने कुरतडल्या आहेत. वायर आडोशाला आहे आणि त्यांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर आहे, एवढं पुरतं.

खरा धोका दिसणाऱ्या दातांच्या खुणांपेक्षा मुताचा आहे. ते कुरतडलेल्या तोंडातून आवरणाच्या आत तारांच्या मधोमध ओढलं जातं आणि तांबं आतून काळं पाडतं. बाहेरून धड दिसणारी वायर पुढे काही सेंटिमीटरपर्यंत मेलेली असू शकते.

तपासणीला सुरुवात करण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा आणि गाडीच्या मॉडेलचा, त्याच वर्षाचा वायरिंग डायग्रॅम मिळवून मोठ्या कागदावर छापून घ्या. मग लूमवरची (वायरींच्या बांधलेल्या जुडग्यावरची) टेप सोलत जा. जिथे खूण दिसते तिथून दोन्ही बाजूंना किमान २० सेंटिमीटर उघडा. प्रत्येक जखमी वायरीच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेपवर एकच क्रमांक लिहून चिकटवा आणि तोच क्रमांक डायग्रॅमवर टाका. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

रंग उडाले असतील तर टेपखालचा भाग बघा. ऊन न लागल्यामुळे तिथे मूळ रंग टिकलेला असतो, आणि मळ अल्कोहोलने पुसला की बारीक रेघही दिसते. ल्यूकस (गाड्यांचे विजेचे भाग बनवणारी ब्रिटिश कंपनी) पद्धतीच्या ब्रिटिश गाड्यांत तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट पुरवठा, पांढरा म्हणजे इग्निशन, हिरवा म्हणजे इग्निशननंतर फ्यूजमधून येणारा, जांभळा म्हणजे फ्यूजमधला कायम चालू, लाल पार्किंग लाइट, निळा हेडलाइट आणि काळा अर्थ. जर्मन गाड्यांत रंगांपेक्षा टर्मिनलवरचे आकडे कामाचे : ३० बॅटरी, १५ इग्निशन, ३१ अर्थ, ५० स्टार्टर, १ म्हणजे इग्निशन कॉइलकडून डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटकडे (स्पार्कसाठी कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) जाणारी वायर. यावरही विसंबून राहू नका. आधीच्या कुणीतरी लाल वायरीच्या जागी हिरवी जोडलेली असतेच. मल्टिमीटर बझरवर ठेवून दोन्ही टोकं जुळवल्याशिवाय वायरीला नाव देऊ नका.

दुरुस्ती करायची की अख्खा लूम बदलायचा? एक वायर बोटाभोवती वाकवून बघा. आवरणाला तडे गेले किंवा पापुद्रे निघाले तर लूम बदलणं हाच शहाणपणा, उंदरांनी ती वायर खाल्लेली असो वा नसो. सुती वेष्टणाखाली रबर असलेल्या जुन्या लूमची अवस्था बहुधा हीच असते. आवरण लवचीक आहे आणि नुकसान एक-दोन जागी, आठ-दहा वायरींपुरतं आहे, तर दुरुस्ती टिकते. चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी कुरतडलेलं असेल तर सांध्यांची संख्या इतकी वाढते की पुढे प्रत्येक बिघाडात संशय त्यांच्यावरच जातो. लोकप्रिय मॉडेलसाठी तयार लूम मिळतात. तो घालताना जुना लूम ओढून काढण्याआधी त्याच्या टोकाला दोरी बांधा, म्हणजे नवा त्याच वाटेने आत ओढता येतो.

वायरीची निवड

वायर आतल्या तांब्याच्या जाडीवरून घ्यायची, बाहेरून दिसणाऱ्या आकारावरून नाही. आवरण पातळ किंवा जाड असल्यामुळे बाहेरचा आकार फसवतो. साध्या पीव्हीसी आवरणाच्या ऑटो वायरीचे नेहमीचे आकडे असे : ०.३० मिलिमीटरच्या १४ तारांची वायर १ चौरस मिलिमीटरची आणि ८.७५ अँपिअरची. २८ तारांची २ चौरस मिलिमीटर, १७.५ अँपिअर. ४४ तारांची ३ चौरस मिलिमीटर, २७.५ अँपिअर. ६५ तारांची ४.५ चौरस मिलिमीटर, ३५ अँपिअर. पार्किंग लाइट, इंडिकेटर आणि मीटरला १ चौरस मिलिमीटर पुरते. हेडलाइटला आणि हॉर्नला २. मुख्य पुरवठ्याला मूळ जाडी किंवा तिच्या वरची. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवलेला असेल तर त्याच्या कमाल अँपिअरचा हिशेब धरूनच चार्जिंगची वायर घ्या. घरातल्या भिंतीतली एकेरी जाड तारेची वायर गाडीत कधीही नको, ती हादऱ्यांनी तुटते.

सांधा कसा घालायचा

दोन टोकं पिळून वर काळी टेप गुंडाळणं हा सांधा नव्हे. उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटतो, पावसाळ्यात पाणी शिरतं, आणि मग कधी चालतं कधी नाही असा बिघाड सुरू होतो. तो शोधायला सगळ्यात अवघड.

वायर कापत मागे जा, तांबं लखलखीत दिसेपर्यंत. काळ्या तांब्याला कथील धरत नाही आणि क्रिंपही (पकडीने दाबून बसवायचा धातूचा जोड) पकड घेत नाही. १० सेंटिमीटर मागे जाऊनही काळंच असेल तर ती वायर एका कनेक्टरपासून दुसऱ्या कनेक्टरपर्यंत नवीच टाका. कापल्यामुळे लांबी कमी पडली तर ताणू नका, त्याच जाडीचा आणि रंगाचा तुकडा मध्ये घाला.

आतून गोंद असलेली, तापवल्यावर तीनास एक आक्रसणारी हीट श्रिंक स्लीव्ह आधी वायरीत ओवून ठेवा. सांधा झाल्यावर ती आठवली तर सगळं पुन्हा कापावं लागतं. टोकं प्रत्येकी १० मिलिमीटर सोला. सोल्डर करायचं तर दोन्ही टोकं एकमेकांभोवती सरळ रेषेत घट्ट गुंडाळा, राळेचा फ्लक्स असलेलं ६०-४० कथील वापरा आणि तापवायची वायर, कथील नव्हे. ॲसिड फ्लक्स अजिबात नको, तो तांबं खात राहतो. कथील आवरणाच्या आत ओढलं गेलं की तिथे वायर कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी त्याच कडेला तुटते, म्हणून कथील बेताचं घाला आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून आधार द्या. क्रिंप करायचं तर रॅचेटचा पक्कड आणि वायरीच्या मापाचाच जोड हवा. डॅशबोर्डखाली उताणं पडून सोल्डर करण्यापेक्षा चांगला क्रिंप केव्हाही बरा, कारण तिथे तापलेलं कथील चेहऱ्यावर पडतं. स्लीव्ह सांध्याच्या दोन्ही बाजूंना किमान १५ मिलिमीटर पुढे यायला हवी, आणि तापवल्यावर दोन्ही कडांतून गोंदाचा थेंब बाहेर आला की समजायचं आत पाणी जाणार नाही.

एकाच जुडग्यात अनेक सांधे असतील तर ते एकमेकांपासून ४ ते ५ सेंटिमीटर पुढे-मागे ठेवा. सगळे एका ठिकाणी आले तर तिथे गाठ होते, लूम क्लिपमध्ये बसत नाही आणि एक स्लीव्ह घासली की शेजाऱ्याशी शॉर्ट. दाराच्या बिजागरीजवळ, स्टिअरिंग कॉलमच्या वळणावर आणि पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे सांधा नको. त्या भोकांची रबरी ग्रोमेट वाळलेली असतील तर सगळी बदला. शेवटी लूमवर डिंक नसलेली पीव्हीसी टेप अर्धी अर्धी चढवत गुंडाळा आणि फक्त शेवटच्या वेढ्याला डिंकाची टेप लावा. पुढच्या दुरुस्तीला ती सहज उघडते.

फ्यूज बॉक्सच्या पकडी आणि बुलेट कनेक्टर यांचं काम वेगळं. मूत वाळून बसलेले क्षार कॉन्टॅक्ट क्लीनरने पूर्ण निघत नाहीत. शक्य तो सुटा भाग काढून कोमट पाणी आणि थोड्या साबणाने धुवा, मग डिस्टिल्ड वॉटरने, पूर्ण वाळवा आणि नंतर पितळी ब्रश मारा. पकड सैल झाली असेल तर फ्यूज न उडता तिथे प्लास्टिक वितळतं. फ्यूज बदलताना एक फरक लक्षात घ्या : ल्यूकसच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असलं तरी तो उडण्याचा आकडा आहे, सलग चालण्याची क्षमता साधारण १७ अँपिअर. तिथे आजच्या मोजणीचा ३५ अँपिअरचा फ्यूज घातला तर आधी वायर जळेल.

हे सगळं उघडलेलं असतानाच मुख्य पुरवठ्याच्या वायरीवर, सोलेनॉइडपासून २० सेंटिमीटरच्या आत, एक मुख्य फ्यूज बसवा. तो वायरीच्या क्षमतेपेक्षा लहान हवा, म्हणजे ३५ अँपिअरच्या वायरीला ३० चा. स्टार्टरची जाड केबल यात येत नाही. गाडीचं मूळ रूप जपण्याचा आग्रह आम्हालाही पटतो, पण हा एक बदल करण्यासारखाच आहे. बॅटरीवर बंद करायचा कट-ऑफ स्विचही सोबत बसवा.

लॅम्प लावून पहिली वीज

१२ व्होल्ट २१ वॅटचा ब्रेक लाइटचा बल्ब होल्डरसह घ्या. बॅटरीचं अर्थचं टोक आणि गाडीची अर्थ केबल यांच्या मधोमध तो जोडा. दुसरी केबल नेहमीसारखी. आता पूर्ण शॉर्ट असला तरी गाडीत पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त वीज जाऊ शकत नाही. बल्ब पेटतो, वायर वाचते. ६ व्होल्टच्या गाडीला ६ व्होल्टचाच बल्ब आणि बॅटरी.

१. सगळे फ्यूज काढा, सगळे स्विच बंद, दारं बंद. बल्ब पूर्ण विझलेला हवा. लख्ख पेटला तर फ्यूज नसलेल्या मुख्य वायरीत शॉर्ट आहे. मिणमिणता असेल तर घड्याळ, डिकीचा दिवा किंवा ओला कनेक्टर तपासा.

२. कॉइलची पॉझिटिव्ह वायर सोडून किल्ली चालू करा. कॉइल जोडलेली ठेवली आणि पॉइंट मिटलेले असले तर बल्ब पेटणारच, आणि तो शॉर्ट नव्हे.

३. एकेक फ्यूज घालत जा. हेडलाइटचे बल्ब आणि वायपर, हॉर्न, ब्लोअर यांचे कनेक्टर काढलेले असू द्या. मोठा भार जोडलेला असेल तर चाचणीचा बल्ब तसाही लख्ख पेटतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

४. प्रत्येक स्विच चालू करताना वायरींची जुडगी हाताने हलवा, दारं उघडा-मिटा, स्टिअरिंग फिरवा. हलवताना बल्ब लुकलुकला तर तिथेच कुठेतरी सोललेलं तांबं आहे.

५. लहान दिवे जोडून बघा. ५ वॅटचे चार पार्किंग दिवे आणि चाचणीचा बल्ब दोन्ही मंद पेटले तर सर्किट बरोबर आहे.

हे सगळं निर्विघ्न झालं की बल्बच्या जागी १५ अँपिअरचा फ्यूज घालून एकेक भार खरोखर चालवा. हेडलाइट चालू असताना बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दिव्याच्या टर्मिनलपर्यंत मल्टिमीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर मध्ये कुठेतरी वाईट सांधा किंवा खराब कनेक्टर आहे. तसंच दिव्याच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, तिथे ०.२ व्होल्टच्या आत हवं. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत प्रोब उलटे.

वायरिंगखेरीज जे कुरतडलं जातं

पेट्रोलचे रबरी होज पहिल्यांदा बघा, वायरींच्याही आधी. बारीकशी दातखूण असली तरी होज बदला, आणि इथेनॉल मिश्रित पेट्रोलला चालणारा, एसएई जे३० आर९ दर्जाचा घ्या. ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम होज, डिस्ट्रिब्यूटरच्या हाय टेन्शन वायरी, स्टिअरिंग आणि ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट, टाकीच्या तोंडाचा होज हेही त्यांच्या वाटेतलेच.

जुनं पेट्रोल वार्निशसारखा वास मारत असेल तर टाकी पूर्ण रिकामी करा. हे काम मोकळ्या हवेत आणि गाडीत बॅटरी नसताना करायचं. पहिल्यांदा इंजिन सुरू करताना टाकी वापरूच नका, स्वच्छ डब्यातून १ ते २ लिटर ताजं पेट्रोल कार्ब्युरेटरला द्या.

इंजिनसाठी सगळे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये १० ते १५ मिलिलिटर हलकं तेल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या, मग क्रँक पुलीच्या नटवर पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका, आणि गाडी गिअरमध्ये टाकून ढकलू तर मुळीच नका. व्हॉल्व्ह चिकटलेला असेल तर पुशरॉड वाकतो. मोकळं फिरलं की तेल आणि फिल्टर बदला आणि प्लग न लावता सेल्फ मारून ऑइल प्रेशर चढू द्या.

स्पार्क येत नसेल तर बहुतेकदा कारण पॉइंटच. उभ्या गाडीत त्यांच्यावर ऑक्साइडचा थर बसतो. बारीक पॉलिश पेपरने घासा, अल्कोहोलने पुसा, गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. कॉइलची प्रायमरी ३ ओमच्या आसपास, बॅलास्ट (कॉइलच्या वाटेतला रोधक) असलेल्या गाडीत दीडच्या आसपास. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवून काम करत बसू नका, कॉइल तापून मरते.

डायनॅमोच्या गाडीत बॅटरी बराच काळ नव्हती, तर डायनॅमोचं ध्रुवीकरण करून घ्या, म्हणजे त्याची पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दिशा बॅटरीशी जुळवून घ्या. ल्यूकसच्या डायनॅमोवर दोन्ही वायरी सोडून, बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाकडून आणलेली वायर लहान 'एफ' टर्मिनलला दोन-तीनदा क्षणभर टेकवा. अल्टरनेटरला हे कधीही करू नका. सुरू झाल्यावर १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन मध्यम वेगाला असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत.

ब्रेक पूर्ण उघडून तपासल्याशिवाय गाडी जागची हलवू नका. ब्रेक ऑइल पाणी शोषतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. टायरच्या कडेवरचा तारखेचा कोड चार आकडी असेल तर पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीन आकडी कोड म्हणजे टायर २००० च्या आधीचा, नक्षी कितीही नवी दिसली तरी टाकाऊ.

पुन्हा येऊ नयेत म्हणून

घरच्या लहान उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, म्हणून जाळी त्याहून बारीक आणि लोखंडी हवी. गाडीच्या ताज्या हवेच्या तोंडाला आतून आणि गॅरेजच्या दाराखालच्या फटीला ती लावा. सापळे भिंतीलगत, आडवे, कारण उंदीर कडेकडेने चालतात. विष टाळा. विष खाल्लेला उंदीर हीटरच्या डब्यात जाऊन मरतो आणि तो वास महिनोन्‌महिने जात नाही. पेपरमिंटचं तेल आणि डांबराच्या गोळ्या यांचा भरवसा धरू नका, शिवाय बंद गाडीत डांबराच्या गोळ्यांची वाफ माणसालाच बाधते. बोनेट उघडं ठेवलं तर आडोसा जातो आणि त्याचा खरंच उपयोग होतो. दर पंधरा दिवसांनी कट-ऑफ स्विच बंद असताना टॉर्च घेऊन एअर फिल्टर, मॅनिफोल्ड आणि डॅशबोर्डखाली नजर टाका. सायलेन्सरच्या तोंडात लोखंडी लोकरीचा बोळा घालणार असाल तर त्याला ठसठशीत लाल फीत बांधा आणि स्टिअरिंगवर तशी चिठ्ठी लावा, म्हणजे दुसऱ्या कुणी किल्ली फिरवली तरी बोळा आधी निघेल.